प्रमाण १:८७

रेल्वेच्या कोणत्याही चांगल्या प्रतिकृतीपाशी बारीक अक्षरांत एक नोंद असते: ‘प्रमाण १:८७’. खऱ्या वस्तूचे ८७ समान भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे समोरची वस्तू, असा तिचा अर्थ. याहून मोठी आणि लहान प्रमाणेही प्रचलित आहेत. परंतु जगभरच्या हौशी प्रतिकृतीकारांनी सर्वाधिक जवळ केलेले प्रमाण हेच. इंजिन असो, सिग्नलचा खांब असो वा स्टेशनमास्तरची टोपी असो, सगळे एकाच भाजकाने भागलेले. प्रतिकृती खेळण्यापासून वेगळी होते ती या काटेकोरपणामुळे.

मराठीत मात्र ‘प्रमाण’ हा शब्द एवढ्यावर थांबत नाही. न्यायदर्शनात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, आणि अशी साधने चार मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ज्याने गवय हा प्राणी कधी पाहिलेला नाही, त्याला ‘तो गाईसारखा असतो’ एवढे सांगून ठेवले, तर रानात गेल्यावर तो गवय ओळखू शकतो. उपमानाचे हे परंपरागत उदाहरण. रेल्वेची प्रतिकृती याच जातीची आहे. ती पाहून आपण न पाहिलेली गोष्ट ओळखायला शिकतो. विश्वसनीय माणसाने स्वतः सांगितलेली गोष्ट म्हणजे ‘शब्द’. प्रस्तुत लेखात आम्हांला एवढेच मांडायचे आहे की, खाणीच्या गावाची प्रतिकृती उपमान म्हणून कितीही उत्तम असली, तरी ‘शब्द’ या प्रमाणाची जोड मिळाल्यावाचून ती त्या गावाविषयी पुरेसे खरे बोलू शकत नाही. हा शब्द मिळवून जपण्याचे काम पुष्कळसे साहित्याच्या अभ्यासकांचे, म्हणजे आपले आहे.

हा विचार नागपूरच्या संदर्भात करण्यास सबळ कारण आहे. शहराच्या मोतीबाग भागात २००२ साली नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले. वाफेचे इंजिन, जुने डबे, सिग्नलची उपकरणे आणि मुलांना बसवून फिरवणारी छोटी गाडी यांमुळे ते नागपूरकरांच्या ओळखीचे झाले. ज्या रेल्वेचे ते स्मारक आहे तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. बंगाल-नागपूर रेल्वे या १८८७ साली स्थापन झालेल्या कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्याच्या डोंगराळ मुलखात अशा मार्गांचे जाळे विणले. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरला जाणारा मार्ग, छिंदवाड्याचा मार्ग, नागपूरहून नागभीडचा मार्ग, असे त्याचे फाटे होते. संग्रहालय उघडले तेव्हा यांतल्या बऱ्याच मार्गांवर गाड्या धावत होत्या. पुढे नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि इतवारी–नागभीड नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये. ज्या वस्तूचे संग्रहालय आहे ती वस्तूच बाहेरच्या जगातून नाहीशी होणे ही कोणत्याही संग्रहालयाच्या आयुष्यातील मोठी घटना. त्या क्षणापासून त्याची जबाबदारी वाढते, कारण पडताळून पाहायला बाहेर काही उरत नाही.

या लहान गाड्यांनी धान्य वाहिले, लाकूड वाहिले, दुष्काळात माणसे वाहिली. त्यांनी खनिजही वाहिले. छिंदवाड्यापुढे परासियाकडे गेलेला फाटा पेंच खोऱ्यातील कोळशासाठी होता. बालाघाटजवळच्या भरवेलीत मँगनीज होते. आज बालाघाट आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात आहेत म्हणून आपण ते परके समजतो. पण १८६१ पासून १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती आणि खाणींचा कारभार आजही नागपुरातून चालतो. ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ या नावाने १८९६ साली सुरू झालेल्या ब्रिटिश व्यवसायातून पुढे जी कंपनी झाली, तिची मालमत्ता १९६२ साली सरकारने ताब्यात घेतली, १९७७ साली उरलेला परकी हिस्साही घेतला, आणि आज ‘मॉइल’ म्हणून ओळखली जाणारी ही कंपनी नागपुरातच आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स यांची मुख्यालयेही नागपुरातच. भारतातील खाणींविषयी इतके कागद एकत्र असलेली शहरे थोडीच असतील.

तेव्हा नागपुरात, शक्यतो नॅरोगेजच्या शेजारीच, भरवेलीसारखे एखादे जुने खाणगाव त्याच्या रेल्वेसकट प्रतिकृतीच्या रूपाने उभे राहावे, अशी आमची इच्छा आहे. प्रतिकृती हा प्रकार हलका समजणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे लघु रेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांना एका माणसाच्या आयुष्यभराच्या हौसेतून केवढे नगर उभे राहू शकते हे सांगण्याची गरज नाही. लेव्ही-स्त्रोस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने १९६२ सालच्या आपल्या ग्रंथात लघुकृतीविषयी एक मार्मिक विचार मांडला आहे. एरवी आपण भागांवरून समग्राकडे जातो. लघुकृतीत समग्र आधी हाती येते आणि भाग मागाहून. खाणगावाच्या बाबतीत हा लाभ विशेष मोठा आहे. खाण, मजुरांची चाळ, साहेबाचा बंगला, बाजार, दवाखाना, स्टेशन यांचे परस्परांपासूनचे अंतर एका दृष्टिक्षेपात दिसते, आणि त्या अंतरांत त्या गावाची सारी समाजरचना असते. ती वाचायला शंभर पानी अहवाल लागला असता.

पण प्रतिकृती म्हणून जे तिचे गुण, तेच खाणीपाशी येऊन तोकडे पडतात. तीन ठिकाणी हे फार स्पष्ट दिसते.

पहिले ठिकाण खोलीचे. १:८७ या प्रमाणात ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज सुमारे पावणेनऊ मिलिमीटरची होते, म्हणजे करंगळीच्या रुंदीहूनही कमी. ती टेबलावर सुखाने मावते. बालाघाटची भूमिगत खाण मात्र आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते, आणि तिची खोली ३०० मीटरच्या पलीकडे गेली आहे. त्याच प्रमाणात ३०० मीटर म्हणजे जवळजवळ साडेतीन मीटर. टेबलाला भोक पाडून, मग फरशीलाही भोक पाडून खाली जावे लागेल. कोणी प्रतिकृतीकार तसे करीत नाही. तो डोंगराच्या कुशीत एक काळे तोंड दाखवतो, त्यातून दोन रूळ बाहेर आणतो आणि थांबतो. खाणगाव ज्याच्यासाठी वसले ते सगळे त्या काळ्या तोंडाच्या मागे राहते. प्रेक्षकाला जे दिसते ते गाव असते, स्टेशन असते, झाडे असतात, खाण नसते.

दुसरे ठिकाण वर्तुळाचे. प्रतिकृतीतील रूळ बहुधा वर्तुळाकार असतात. गाडी निघते, बोगद्यात शिरते आणि थोड्या वेळाने पुन्हा समोर येते. प्रवासी गाडीचे यात काही बिघडत नाही. खनिजाच्या वाघिणींचे बिघडते. भरून गेलेली वाघीण फेरी मारून भरलेलीच परत येते, जणू माल कुठे गेलाच नाही. परदेशी हौशी मंडळींनाही ही विसंगती खटकली, आणि त्यांनी तिच्यावर एक नामी युक्ती काढली आहे: खाण आणि तिचा माल घेणारा कारखाना पाठीला पाठ लावून उभे करायचे आणि आतून छुप्या रुळांनी जोडायचे. खाणीतून नेहमी भरलेल्या वाघिणी बाहेर पडतात, कारखान्यातून नेहमी रिकाम्या. देखावा निर्दोष होतो. परंतु तो निर्दोष होतो याचे कारण खाण आणि कारखाना यांत एका भिंतीचेच अंतर आहे. भरवेली वा मनसरचे मँगनीज ज्या भट्ट्यांत गेले त्या समुद्रापलीकडे होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी भारत आणि रशिया हे मँगनीजचे जगातील प्रमुख उत्पादक होते, आणि भारताचे बहुतेक खनिज कच्च्या रूपातच बाहेर जात असे. बंदर दूर म्हणून वाहतूक महाग पडे; १९३१ साली रायपूर–विजयनगरम मार्ग पूर्ण झाला आणि १९३३ साली विशाखापट्टणमचे बंदर उघडले, त्यामागे मध्य प्रांतातील मँगनीजला जवळची वाट देणे हा एक मोठा हेतू होता. मँगनीज मिसळलेल्या कठीण पोलादाचा शोध इंग्लंडमध्ये रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ च्या सुमारास लावला, आणि रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे झीज सोसण्यासाठी हेच पोलाद वापरले जाऊ लागले. वाघिणीतून गेलेला दगड कधी परत आला असेल तर तो असा, किंमत लावून. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या वाहून जाण्याविषयी जे सांगितले ते समजावण्यासाठी याहून सोपे चित्र मिळणे कठीण. गोल फिरणारी गाडी नेमके तेच झाकते.

तिसरे ठिकाण माणसाचे. साडेपाच फूट उंचीचा माणूस या प्रमाणात जेमतेम १९ मिलिमीटरचा होतो. बाजारात अशा माणसांची तयार पाकिटे मिळतात: बाकावर बसलेले प्रवासी, हमाल, छत्री घेतलेली बाई. खाणगावात त्यांची पेरणी केली की ते ‘जिवंत’ दिसते. प्रश्न असा की, यांत काम करताना कोण दिसते? मध्य प्रांतातील मँगनीजच्या जुन्या खाणी बहुतांशी उघड्या होत्या. सुरुंगाने फोडलेला दगड हातोडीने बारीक करणे, चांगला आणि वाईट माल वेगळा निवडणे, टोपल्या डोक्यावरून वाहणे, ही कामे हातांनी होत, आणि त्यांत स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. कोळशाच्या खाणीत तर स्त्रिया जमिनीखालीही उतरत. १९२९ च्या नियमांनी त्यांचे भूमिगत काम टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले आणि १९३७ पर्यंत ते बंद झाले. पुढे युद्धकाळात कोळशाची टंचाई झाल्यावर १९४३ साली मध्य प्रांतासह काही प्रांतांत ही बंदी उठवण्यात आली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्यांना त्या निर्णयावर विधिमंडळात टीकेला तोंड द्यावे लागले आणि १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. स्त्रीचे खाणीत उतरणे हा अन्याय की खाणीबाहेर काढल्याने तिची मजुरी जाणे हा अन्याय, हा वाद तेव्हाही सोपा नव्हता. २०१९ साली काही अटींवर तांत्रिक आणि देखरेखीच्या भूमिगत कामांसाठी स्त्रियांना पुन्हा परवानगी मिळाली. इतका दीर्घ इतिहास ज्या बाईच्या डोक्यावरच्या टोपलीत आहे, ती बाई तयार पाकिटात मिळत नाही. तिला कोणीतरी हाताने घडवावे लागेल, आणि त्याआधी ती तिथे होती हे माहीत असावे लागेल.

प्रतिकृतीचा हा दोष तिच्या लहानपणात आहे असे मात्र कोणी समजू नये. लहान करण्याची आपलीही परंपरा आहे: दिवाळीतले मातीचे किल्ले, भातुकली, चैत्रगौरीची आरास. नागपूरकडे तर यांतले सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे तान्हा पोळा भरतो. चाके लावलेले लाकडी बैल सजवून मुले घरोघर जातात आणि बोजारा मिळवतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असे परंपरा सांगते. आम्हांला यात महत्त्वाचा वाटतो तो दिवसांचा क्रम. आधी खांदशेकणी होते. जूं वाहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप लागते. मग पोळा होतो, त्या दिवशी बैलाला काम नसते. आणि त्यानंतर, तिसऱ्या पायरीवर, लाकडी बैल येतो. मुलाच्या हातात प्रतिकृती पडते तेव्हा त्याने खरा बैल, त्याचा खांदा आणि त्या खांद्याला लागलेला हात पाहिलेला असतो. शहरातल्या मुलांच्या बाबतीत हे आता तितकेसे खरे नाही, आणि म्हणूनच तिथे तान्हा पोळा हळूहळू सजावटीची स्पर्धा होऊ लागला आहे. श्रमाचा दिवस वगळून प्रतिकृतीचा दिवस साजरा करता येतो. पण मग उरतो तो चाकांवरचा शोभिवंत लाकडाचा तुकडा.

खाणीच्या बाबतीत आपण खांदशेकणी केलेलीच नाही, आणि इथे दोष केवळ संग्रहालयांवर ढकलता येत नाही. नागपूरहून उत्तरेस गेले की रामटेक लागते. वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातील रामगिरी म्हणजे हेच रामटेक असा पक्ष मांडला, आणि तेव्हापासून त्या टेकडीवर आपण यक्षाच्या डोळ्यांनीच पाहत आलो. त्यात गैर काही नाही. पण रामटेकपासून जवळच मनसर आहे. तिथे वाकाटककालीन अवशेषही आहेत आणि शतकाहून अधिक काळ चाललेली मँगनीजची खाणही. अवशेषांवर विद्वानांनी लिहिले, खाणीवर भूशास्त्रज्ञांनी. साहित्याच्या वाट्याला फक्त मेघ आला. याच भागाचा अभ्यास करून एल. एल. फर्मोर यांनी १९०९ साली भारतातील मँगनीजवर एक मोठा ग्रंथ लिहिला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी मिळून बनलेल्या इथल्या एका खडकाला त्यांनी ‘गोंडाइट’ हे नाव दिले, गोंड लोकांवरून. जगातल्या भूशास्त्राच्या कोशांत ते नाव आजही आहे. एका समाजाचे नाव दगडाला मिळावे आणि त्याच दगडावर हातोडी चालवणाऱ्याचे नाव कुठेही नोंदले जाऊ नये, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नाही.

इतर भाषांकडे पाहिले तर आपली उणीव अधिक बोचते. फ्रेंचमध्ये झोलाची ‘जर्मिनल’ १८८५ साली आली. बंगालीत शैलजानंद मुखोपाध्यायांनी कोळसाखाणीच्या मजुरांवर कथा लिहिल्या. हिंदीत संजीव यांनी ‘सावधान! नीचे आग है’ ही कादंबरी लिहिली. तिच्यामागे २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला येथे झालेली, ३७५ जीव घेणारी दुर्घटना आहे. मराठीत मुंबईच्या गिरणीला कवी मिळाले, विदर्भाच्या कापसाला कादंबरीकार मिळाले. खाणीची अशी परंपरा मात्र घडली नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा दगडाच्या खाणीवर काम करतो; ती खाण बंद पडते आणि पोटासाठी तो मढी उकरू लागतो. मराठी कथेतील हा विलक्षण क्षण आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तिथे कथा खरोखर सुरू होते ती खाण बंद पडल्यावर. खाण चालू असतानाचे, सहाच्या पाळीला हजेरी देऊन उतरणारे आणि अंगभर काळी धूळ घेऊन परतणारे आयुष्य आपल्या साहित्यात फारच थोडे आले आहे.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. कोणी म्हणेल, संग्रहालयात मुले येतात. त्यांना गाडी पाहू द्या. तिथे शोषण, धूळ आणि आजार मांडून सुतकी वातावरण कशाला? आक्षेप अगदीच फेटाळण्यासारखा नाही. आनंद हेही प्रतिकृतीचे प्रयोजन आहे, आणि उपदेशाच्या पाट्यांनी भरलेले दालन कोणीच वाचत नाही, हा अनुभव आपण साहित्यातही घेतला आहे. परंतु गोड प्रतिमा फार काळ एकटी राहू शकत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील सिल्व्हरटन हे चांदीच्या खाणींचे गाव. १८८२ साली तिथे नॅरोगेज पोहोचली. तिथली शेवटची मोठी खाण १९९१ साली बंद झाली; वाफेची गाडी पर्यटकांसाठी चालू राहिली, आणि कोलोरॅडोतील अशी खाणगावे अमेरिकी प्रतिकृतीकारांचा आवडता विषय झाली. ५ ऑगस्ट २०१५ रोजी जवळच्या एका बंद खाणीत साचलेले दूषित पाणी दुरुस्तीच्या कामात फुटून बाहेर आले आणि अ‍ॅनिमस नदी कित्येक मैल नारिंगी झाली. चित्रातल्यासारख्या त्या गावाखाली काय आहे हे जगाला त्या दिवशी कळले. वेल्समधील ब्लेनाव्हनच्या ‘बिग पिट’ खाणीने दुसरा मार्ग घेतला. १९८० साली बंद झालेली ही कोळसाखाण १९८३ साली संग्रहालय म्हणून उघडली, आणि तिथे प्रेक्षकांना जमिनीखाली घेऊन जाण्याचे काम पूर्वीच्या खाणकामगारांनी केले. तिथे मुले जातात, हसतात, घाबरतात, प्रश्न विचारतात. तिथे सुतक नाही, कारण बोलणारा माणूस समोर आहे. आपल्याकडेही वेस्टर्न कोलफील्ड्सने २०१६ साली सावनेर येथे खाणपर्यटन सुरू केले, तेव्हा जमिनीखालचे जग पाहण्याची लोकांना उत्सुकता आहे हे दिसून आले. प्रश्न उत्सुकतेचा नाही. तिला कोणाच्या तोंडून उत्तर मिळते, हा आहे.

म्हणून नागपुरात असे खाणगाव उभे करायचे झाले तर चार गोष्टी आवर्जून कराव्यात, असे आम्ही सुचवतो. टेबलाची एक बाजू उभी कापून तिथे काच लावावी आणि खाणीचा छेद जमिनीपर्यंत उतरू द्यावा. संपूर्ण खोली मावत नसेल तर किती मावली नाही तेही तिथेच लिहावे. खनिजाच्या गाडीचे रूळ वर्तुळात न फिरवता टेबलाच्या काठापर्यंत न्यावेत. काम करणारी माणसे, विशेषतः स्त्रिया, तयार पाकिटांतून न आणता जुन्या छायाचित्रांवरून घडवाव्यात. आणि चौथी गोष्ट, जी आमच्या मते पहिली असायला हवी: प्रतिकृतीच्या भोवती त्या गावातल्या लोकांचे शब्द असावेत, त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच बोलीत.

पहिल्या तीन गोष्टी कारागिराच्या आहेत. चौथी आपली आहे. नागपूर विद्यापीठ आणि विदर्भ साहित्य संघ या दोन्ही संस्था १९२३ सालच्या. दोघींनीही शंभरी ओलांडली आहे. मराठीचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प लिहितात, प्रबंध लिहितात. लोकगीते आणि बोली यांवरचे विषय शोधून शोधून घेतले जातात. मनसर, कांद्री, गुमगाव, उमरेड, वणी, बल्लारपूर इथल्या खाणींतून निवृत्त झालेली माणसे आणि त्यांच्या बायका यांच्यापर्यंत एखादी वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन जाणे हे त्यांतलेच काम आहे. त्या वस्त्यांत वऱ्हाडी-नागपुरी, गोंडी, छत्तीसगढी, हिंदी आणि इंग्रजी कागदांतून झिरपलेले शब्द एकत्र नांदले. दगडाच्या प्रतीला, पाळीच्या भोंग्याला, सुरुंगाआधीच्या इशाऱ्याला, मुकादमाला मागे काय म्हणत, हे कोणत्याही शब्दकोशात नाही. मँगनीजच्या धुळीने मज्जासंस्थेवर परिणाम होतो, चालणे आणि बोलणे बिघडते, हे वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. पण अशा माणसाला त्याच्या वस्तीत कोणत्या शब्दाने ओळखत, हे वैद्यक सांगणार नाही. आणि ज्यांना हे शब्द माहीत आहेत त्यांची वये आता सत्तरीच्या पुढची आहेत. नॅरोगेजचे इंजिन मोतीबागेत आणखी शंभर वर्षे उभे राहील. ही माणसे तितकी थांबू शकत नाहीत.

इथे प्रमाणाचा तिसरा अर्थही आठवावा लागतो, तो म्हणजे प्रमाणभाषेतला. संग्रहालयातील पाट्या शुद्ध, संक्षिप्त आणि त्रयस्थ मराठीत असतात, आणि काही ठिकाणी ते योग्यही आहे. पण खाणीतल्या बाईचे सांगणे त्या भाषेत उतरवले की तिचे ‘शब्दप्रमाण’ पुन्हा आपल्या मापाने कापले जाते. तिचा प्रत्येक उद्गार आहे तसा टिपणे, हवा तर खाली अर्थ देणे, आणि ती जिथे गप्प झाली तिथे पाटीवरही मोकळी जागा सोडणे, एवढे पथ्य साहित्याच्या अभ्यासकाने पाळले तरी पुष्कळ झाले.

समजा, हे सगळे झाले. काचेच्या छेदाशी एक मूल उभे आहे. पावणेनऊ मिलिमीटरच्या रुळांवरून मँगनीजने भरलेल्या वाघिणी निघतात, टोपलीवाल्या बायकांच्या रांगेजवळून, चाळीपुढून, स्टेशनातून जातात आणि टेबलाच्या काठाशी एका पडद्याआड नाहीशा होतात. मूल नेहमीप्रमाणे दुसऱ्या बाजूला धावते. गाडी येत नाही. ते विचारते, गाडी कुठे गेली? त्याच्या बरोबरच्या मोठ्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता यावे, एवढी सामग्री त्या दालनात असली पाहिजे. आणि ती गोळा करायला आपल्या हाती फार वर्षे नाहीत.